दिव्यानंतरची चोपन्न वर्षे

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी रुग्णालयांतून मेणबत्त्या उजळतात, शपथ घेतली जाते आणि हाती दिवा घेतलेल्या एका तरुण स्त्रीच्या तसबिरीला हार घातला जातो. (ती शपथ मात्र त्या स्त्रीने लिहिलेली नव्हे, ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे रचली गेली.) तसबीर आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ही बाई पुढे म्हातारी झाली असेल, तिचे गुडघे, पाठ, डोळे यांनी तिला छळले असेल, असा विचारही कुणाच्या मनाला शिवत नाही. चित्रातील फ्लॉरेन्स नाइटिंगेल सदैव चौतीस वर्षांच्या आहेत. प्रत्यक्षात त्या नव्वद वर्षे जगल्या. दिवा हाती घेऊन केलेली त्यांची सेवा अवघी एकवीस महिन्यांची. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या युद्धभूमीवरून मायदेशी परतल्या आणि १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमधील राहत्या घरी झोपेतच त्यांचा अंत झाला. मधल्या चोपन्न वर्षांना तसबीर नाही.

या स्तंभाच्या वाचकांपैकी काही जण स्वतः उतारवयात आहेत, तर काहींच्या घरी एखादे वडीलधारे अंथरुणाला खिळलेले आहे. त्यांना त्या एकवीस महिन्यांपेक्षा ही चोपन्न वर्षेच अधिक ओळखीची वाटतील, असे मला वाटते. कारण या काळात बाई दीर्घकाळ आजारी होत्या, स्मृती हरपत चाललेल्या आईची सेवा करणारी मुलगी होत्या, आणि आपली सेवा करणाऱ्यांना जड जाणारा रुग्णही होत्या. खाटेच्या दोन्ही बाजूंचा एवढा प्रदीर्घ अनुभव घेतलेली परिचारिका विरळाच.

जन्म १२ मे १८२० चा, इटलीतील फ्लॉरेन्स शहरातला. म्हणून नाव फ्लॉरेन्स. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तिला त्या नगरीचे प्राचीन ग्रीक नाव मिळाले, पार्थेनोपी. घर किती संपन्न असेल याची कल्पना एवढ्यावरूनच यावी. डर्बीशायरमध्ये ली हर्स्ट आणि हॅम्पशायरमध्ये एम्बली पार्क अशी दोन मोठी घरे, नोकरचाकर, पाहुण्यांचा राबता. वडिलांनी दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास स्वतः शिकवला. घरात कुणी आजारी पडले की फ्लॉरेन्सची हाक हमखास होई. आजीच्या आजारपणात तिने शुश्रूषा केली, घरच्या जुन्या दाईच्या अखेरच्या दिवसांत ती तिच्या उशाशी बसली. त्याचे कौतुकच झाले. पण १८४५ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सॉल्झबरीच्या रुग्णालयात काही महिने राहून हेच काम रीतसर शिकण्याची इच्छा तिने बोलून दाखवताच घरात आकांत उडाला. त्या काळी रुग्णालयातील परिचारिका म्हणजे दारूच्या नादी लागलेली, हलक्या चालीची बाई, असाच समज होता. घरातल्या चार भिंतींत केलेली सेवा ही मुलीची शोभा, आणि तीच सेवा उंबरठा ओलांडून, शिकून केली तर तो कुळाला बट्टा! आपल्याकडे रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभारले आणि तेथील स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा त्यांनाही अशाच विरोधाला तोंड द्यावे लागले होते.

पुढची आठ-नऊ वर्षे घुसमटीत गेली. १८५१ मध्ये जर्मनीतील कायझरस्वेर्थ येथे तीन महिन्यांचे शिक्षण तेवढे पदरात पडले. अखेर १८५३ मध्ये वडिलांनी वर्षाला पाचशे पौंडांची नेमणूक करून दिली आणि लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील, आजारी पण परिस्थितीने गांजलेल्या कुलीन स्त्रियांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था बाईंच्या हाती आली. तिथे त्यांनी सर्वप्रथम काय मागितले, हे पाहण्यासारखे आहे. औषधे नव्हेत. स्वयंपाकघरातून जेवणाची ताटे वरच्या मजल्यावर चढवणारा दोरीचा पाळणा, प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ, आणि प्रत्येक रुग्णाच्या हाताशी घंटा. तीही अशी की, कुणाची घंटा वाजली ते परिचारिकेला जिन्यातूनच दिसावे. जिने चढण्या-उतरण्यात जिचा दिवस जातो ती परिचारिका रुग्णाकडे पाहणार केव्हा, असा त्यांचा साधा हिशेब होता. दोन मजली घरात एकट्याने आजारी सासऱ्यांचे करणाऱ्या सुनेला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

क्रिमियाची हकीकत शाळेच्या पुस्तकांतून सर्वांनी वाचली आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी अडतीस स्त्रियांसह बाई आजच्या इस्तंबूलमधील स्कुटारी येथे पोहोचल्या. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील लष्करी रुग्णालयात शंभरांतील सुमारे ४२ रुग्ण दगावत होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे उपसली, पाण्याची व हवेची सोय लावली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनवर आले. परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या सोबतीने बाईंनी हे आकडे पुन्हा पुन्हा तपासले, तेव्हा शत्रूच्या गोळीपेक्षा घाण, कोंदट हवा आणि गर्दी यांनीच अधिक सैनिक मारले, हे ढळढळीत दिसले. रात्री दिवा घेऊन फिरण्याने माणसाला धीर येतो. जीव वाचतो तो गटार उपसल्याने. हे त्यांना पुरते कळले होते, आणि म्हणूनच त्या दिव्याच्या कौतुकाला त्या स्वतः कंटाळत असत. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

याच सुमारास त्या कोसळल्या होत्या. मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा येथे त्यांना कडक ताप आला, जीवावरचे दुखणे टळले, पण ताप अंगातून पुरता गेला नाही. ऑगस्ट १८५७ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्या अंथरुणाला खिळल्या. छातीत धडधड, अन्नाचा तिटकारा, निद्रानाश, आणि पुढे पाठीच्या कण्यात असह्य वेदना. १८६१ नंतरची काही वर्षे तर त्यांना चालताही येत नव्हते. एका खोलीतून दुसरीत उचलून न्यावे लागे. आपण फार दिवसांच्या सोबती नाही, अशी त्यांची व भोवतालच्या मंडळींची खात्री झाली होती. त्यानंतर त्या त्रेपन्न वर्षे जगल्या!

या दुखण्याविषयी चरित्रकारांत आजही एकमत नाही. काहींनी ते मनाचे खेळ ठरवले, काहींनी कामात व्यत्यय नको म्हणून घेतलेले सोंग म्हटले. अलीकडच्या काही वैद्यकीय अभ्यासकांना ते दीर्घकालीन ब्रुसेलोसिस असावे असे वाटते. न तापवलेल्या दुधातून शरीरात शिरणारा हा जंतू ताप आणतो, सोडतो, पुन्हा आणतो. सांधे आणि कणा पोखरतो. मन खिन्न करतो. त्या काळी हा जंतू कुणाला ठाऊकच नव्हता. मला यातले शेवटचे मत अधिक पटते. पण निदान काहीही असो, तपासणीत काही सापडत नाही म्हणून दुखणेच खोटे, हा निष्कर्ष किती घाईचा असतो, ते आपल्या घरातील आजी-आजोबांच्या तक्रारी ऐकताना आठवावे.

आता या कथेतील एका उपेक्षित व्यक्तीकडे वळू. ती म्हणजे बाईंची आत्या मेरी. घरात तिला 'मे आत्या' म्हणत. ही वडिलांची सख्खी बहीण, आणि तिचा नवरा म्हणजे फ्लॉरेन्सच्या आईचा सख्खा भाऊ. म्हणजे आत्या ती आत्या आणि वर मामीसुद्धा. साटेलोटे आपल्याकडेच होते असे नव्हे. आईशी आणि बहिणीशी फ्लॉरेन्सचे कधीच फारसे जुळले नाही. तिचे मन जाणले ते या आत्याने. युद्धकाळात ती स्कुटारीला जाऊन राहिली. १८५७ नंतर भाची अंथरुणाला खिळली, तेव्हा ती आपला नवरा, मुले, संसार बाजूला ठेवून लंडनला तिच्याजवळ आली. जेवणखाण, पत्रव्यवहार, येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोपवणे, रात्रीची जागरणे, सारे तिने केले. तिचे जावई, कवी आर्थर ह्यू क्लफ, हेही बाईंच्या कचेरीतील लहानमोठी कामे विनावेतन करीत.

असे जवळजवळ तीन वर्षे चालले. घरून बोलावणी येत राहिली. १८६० मध्ये आत्याने सांगितले की, आता मला माझ्या माणसांत परत गेले पाहिजे. आणि जिने सेवेचे शास्त्र जगाला शिकवले त्या भाचीला हे सहन झाले नाही. तिला तो विश्वासघात वाटला. जवळजवळ वीस वर्षे तिने आत्याशी पूर्वीचे नाते ठेवले नाही.

हा प्रसंग चरित्रांतून सहसा ओझरता येतो. मला मात्र तो अत्यंत महत्त्वाचा वाटतो. वेदनेने माणूस आकसतो. त्याच्या जगात त्याची खोली, त्याची वेळ आणि त्याची माणसे एवढेच उरते, आणि त्यातले एखादे माणूस हलले की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. हे रुग्णाच्या बाजूने खरे आहे. पण साठीला आलेल्या, तीन वर्षे दुसऱ्याच्या उशाशी बसलेल्या मे आत्याचे घरी जाणे हेही तितकेच न्याय्य होते. ती पळून गेली नाही, थकली. आज कुटुंबात अशी मे आत्या असतेच. बहुधा ती अविवाहित मुलगी असते, किंवा मधली सून, किंवा स्वतःच सत्तरी ओलांडलेली पत्नी. आपल्याला आठ दिवस सुट्टी हवी, एवढे म्हणण्याचा तिला धीर होत नाही, कारण पुढचा आरोप तिला आधीच ऐकू येत असतो.

अंथरुणावरच्या या पहिल्या वर्षांतच 'नोट्स ऑन नर्सिंग' हे लहानसे पुस्तक बाईंनी लिहिले. १८६० च्या आरंभी ते बाजारात आले आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या १५,००० प्रती खपल्या. हे पुस्तक व्यावसायिक परिचारिकांचे पाठ्यपुस्तक नाही, असे त्यांनी प्रस्तावनेतच बजावले आहे. घरात कुणाच्या ना कुणाच्या प्रकृतीची जबाबदारी जिच्यावर येते अशा प्रत्येक स्त्रीसाठी ते लिहिलेले आहे. आज आपण त्यात पुरुषांनाही धरू. त्यातील काही मते कालबाह्य झाली आहेत. रोग जंतूंमुळे पसरतो ही कल्पना स्वीकारायला बाईंनी फार वर्षे घेतली. परंतु रुग्णाच्या मनात काय चालते, याविषयीची पाने आजही ताजी आहेत, कारण ती लिहिणारी स्वतः पडून छताकडे पाहत होती.

आवाजावरचे प्रकरण घ्या. मोठ्या आवाजापेक्षा अर्धवट ऐकू येणारा आवाज रुग्णाला जास्त छळतो, असे त्या सांगतात. दाराबाहेर डॉक्टर आणि नातेवाईक कुजबुजत असले की, आपल्याचविषयी काही गंभीर चालले आहे, या तर्काने रुग्ण कान ताणून दमतो. बोलायचे असेल तर त्याच्यासमोर बोला, नाहीतर खरोखर दूर जा. बोलताना त्याच्या नजरेच्या टप्प्यात, समोर बसा; उशामागे उभे राहून प्रश्न विचारलात तर त्याला मान वळवावी लागते आणि ते कष्टही त्याला जाणवतात. दारात उभे राहून, अर्धे लक्ष बाहेर ठेवून बोलू नका. खाटेला टेकू नका, धक्का देऊ नका.

किंवा जेवणाचे पाहा. न खाल्लेले ताट रुग्णाच्या उशाशी तासभर ठेवले की, थोड्या वेळाने तरी खाईल, ही आशा व्यर्थ असते. उलट त्या वासाने उरलीसुरली वासनाही मरते. वेळेवर द्यावे, थोडे द्यावे, आणि नको म्हटल्यास लगेच उचलावे. पेला काठोकाठ भरून बशीत सांडू नये, कारण थरथरत्या हाताला तो ओला पेला नीट धरवत नाही, आणि चादरीवर पडलेला एक डाग त्याला दिवसभर लाजवतो. आपल्याकडे मऊ भाताची वाटी, पेज, कढण यांना हा नियम जसाच्या तसा लागू आहे. दुपारी चारला पेज द्यायची ठरली असेल आणि पावणेपाचला आली, तर त्या पाऊण तासात भूक निघून गेलेली असते.

भेटीला येणाऱ्यांवर तर बाईंनी एक आख्खे प्रकरणच खर्ची घातले आहे. 'काही झालेले नाही तुम्हाला, महिन्याभरात ठणठणीत व्हाल', असा पोकळ दिलासा आणि 'आमच्या मेव्हण्यांना त्या वैद्यांचा गुण आला' असे सल्ले, या दोहोंनी रुग्णाला एकटे पाडण्याचेच काम होते. आपल्या दुखण्याची कल्पना याला नाही, आणि ती करून घ्यायचीही नाही, एवढेच त्यातून त्याला कळते. त्यापेक्षा बाहेरच्या जगातली एखादी चांगली बातमी सांगा, लहान मूल आणा, खिडकीशी एखादे फूल ठेवा, असे त्या सुचवतात. दीर्घ आजारात एखादा लहानसा प्राणीदेखील उत्तम सोबत करतो, असे त्यांचे मत होते. त्यांच्या स्वतःच्या घरात पर्शियन मांजरांचा सुळसुळाट असे. त्यांपैकी एकाचे नाव बिस्मार्क होते.

पण माझ्या दृष्टीने पुस्तकाचे मर्म आणखी एका ठिकाणी आहे. आपण समोर असताना जे काम नीट होते, ते आपण नसतानाही तसेच होईल अशी घडी बसवणे, ही सेवेतील सर्वांत अवघड गोष्ट, असे बाई मानतात. मीच सारे करते, माझ्यावाचून त्यांचे पान हलत नाही, याचा अभिमान वाटणे म्हणजे व्यवस्थेतील दोषच. रात्रीची गोळी कोणती, कमोडची खुर्ची कुठे, कुणाचा फोन आला तर काय सांगायचे, हे एका वहीत लिहून ती ब्यूरोच्या बाईंना, शेजाऱ्यांना, मुलाला दाखवून ठेवणे म्हणजेच आपल्या अनुपस्थितीची सोय करणे. रुग्णालाही आधी सांगावे की, मी अमक्या वेळी बाहेर जाणार आहे, अमक्या वेळी येणार आहे. गुपचूप सटकणे आणि अचानक येऊन उभे राहणे, दोन्ही वाईट. अनिश्चितता आणि वाट पाहणे यांनी आजारी माणूस श्रमापेक्षाही अधिक थकतो. मे आत्याशी असे वागलेल्या स्त्रीने हे लिहावे, यात विसंगती आहे खरी.

याच पडल्या अंथरुणावरून पुढची कामे झाली. ९ जुलै १८६० रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावे जमलेल्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीच्या अखेरच्या आजारात घरी एक परिचारिका होती. पत्नी गेल्यावर त्यांनी तिलाच गरीब वस्तीतील रुग्णांच्या घरोघरी पाठवून पाहिले, आणि ही गरज किती मोठी आहे हे दिसल्यावर सल्ल्यासाठी बाईंना लिहिले. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेची व्यवस्था तिथून वाढली. आज शहरांत 'होम नर्सिंग' म्हणून जे उपलब्ध आहे त्याची ही पणजी. हिंदुस्थानात बाई कधीच आल्या नाहीत, पण येथील लष्करी छावण्यांकडून मागवलेल्या माहितीचे ढीग त्यांनी अंथरुणावर वाचले. १८६३ च्या राजकीय आयोगाच्या अहवालात येथील गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ होता, तो दहा वर्षांत १८ वर आला. पुढे त्यांचे लक्ष छावण्यांकडून खेड्यांकडे, शेतकऱ्याच्या पाण्याकडे आणि कर्जाकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

जानेवारी १८७४ मध्ये वडील एम्बलीच्या जिन्यात पडून गेले. वयाच्या चोपन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, स्वतः अधू असलेल्या बाईंपुढे आईचा प्रश्न उभा राहिला. आई, फॅनी, पंच्याऐंशी ओलांडलेली. दृष्टी गेलेली, स्मृतीही जात चाललेली. मिळकत वारसाहक्काच्या जुन्या अटींनुसार पुरुष वारसाच्या वाटेने जाणार होती, म्हणून मुलींच्या हाती न येता ती मे आत्याकडे आणि तिच्यामागे तिच्या मुलाकडे जायची होती. म्हणजे फॅनीला अर्धशतक राहते घर सोडणे भाग. बहीण पार्थेनोपी लग्न होऊन क्लेडन येथे होती, आणि संधिवाताने तीही जेरीस आलेली. थोडक्यात, दोन आजारी मुली आणि एक विसरभोळी आई.

यानंतरची सहा वर्षे बाईंच्या आयुष्यातील सर्वांत कमी गौरवली गेलेली आणि माझ्या मते सर्वांत कठीण सेवा होय. आईला काही कळेनासे झाले होते. एक मात्र ती सारखी म्हणे, मला माझ्या घरी न्या. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांना ही विनवणी ओळखीची असेल. स्वतःच्या पलंगावर बसूनही ती केली जाते. १८७५ च्या उन्हाळ्यात बाईंनी लंडनच्या दक्षिणेस नॉरवूड येथे घर घेऊन आईला तिथे ठेवून पाहिले. ते साधले नाही. मग दरवर्षी उन्हाळ्यानंतरचे काही महिने आईला ली हर्स्टला, तिच्या ओळखीच्या खिडक्यांपाशी नेण्याचा क्रम सुरू झाला, आणि बाई आपली अर्धी कचेरी गुंडाळून तिच्याबरोबर जाऊन राहू लागल्या. स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी याविषयी कडवट तक्रारी केल्या आहेत. वेळ वाया जातो, काम मागे पडते, घरातल्या घरात जीव गुदमरतो, असा त्यांचा सूर आहे. ज्या कोंडीतून सुटण्यासाठी त्यांनी तारुण्याची नऊ वर्षे झगडून काढली, तीच कोंडी उतारवयात पुन्हा पुढ्यात आली होती.

या तक्रारींमुळे काही अभ्यासक त्यांच्यावर नाराज आहेत. मी नाही. सेवा करणाऱ्याने तक्रार करू नये, ही अपेक्षा सेवा न करणाऱ्यांची असते. बाईंनी तक्रार पत्रात केली, आईच्या तोंडावर केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्यापाशी जाऊन बसल्या. तारुण्यात या मायलेकींचे क्वचितच पटले होते. आता आईला पूर्वीचे काही आठवत नव्हते. रुसवे आठवत नव्हते, आणि सॉल्झबरीसुद्धा. त्या विस्मरणातच दोघींमध्ये एक मवाळ जवळीक आली.

लंडनमध्ये फॅनीला सांभाळले कुणी? मे आत्याचा मुलगा शोर आणि त्याची पत्नी लुइझा यांनी. हा शोर म्हणजे बाईंनी अकराव्या वर्षी मांडीवर खेळवलेला आतेभाऊ. ज्या आत्याशी अबोला धरला तिच्याच मुला-सुनेच्या घरी आईची अखेर नीट झाली. २ फेब्रुवारी १८८० रोजी, नव्वदी ओलांडून, फॅनी गेली. त्यानंतर लवकरच भाचीने आत्याशी पुन्हा सूत जुळवले.

ली हर्स्टच्या त्या मुक्कामांत आणखी एक गोष्ट घडत असे. गावच्या डॉक्टरांशी त्यांनी स्वतःच्या खर्चाने संधान बांधले होते. कुणाला दूध हवे, कुणाच्या घरी मांस पाठवायचे, कुठल्या म्हातारीला कोको, कुणाच्या छपराला गळती, याच्या नोंदी होत आणि पैसे पोहोचते होत. या कामाला कुणी पदक दिले नाही.

१८९० मध्ये पार्थेनोपी गेली. बाई आता सत्तरीच्या. आश्चर्य म्हणजे दुखणे बरेच निवळले होते, चेहरा भरला होता, स्वभावही. त्याच वर्षी एडिसनच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर, क्रिमियातील गरजू जुन्या सैनिकांच्या मदतीसाठी, त्यांचा आवाज मुद्रित झाला. तो आजही ऐकता येतो. बहात्तराव्या वर्षी त्यांनी बकिंगहॅमशायरमध्ये एक नवाच उपक्रम सुरू करवला: शिकवून तयार केलेल्या स्त्रियांनी खेड्यांतील घराघरांत जाऊन आयांशी मुलांची निगा, पाणी, केरकचरा यांविषयी बोलायचे. व्याख्यान देऊन भागत नाही. तिच्या चुलीपाशी बसा, तिचे ऐका, असा आग्रह होता. हीच कल्पना हिंदुस्थानातील खेड्यांतही चालावी म्हणून त्यांनी लिहिले, खटपट केली. आपल्या आशाताई घरोघरी जाताना दिसल्या की मला ही बकिंगहॅमशायरची माणसे आठवतात.

मग डोळे गेले. नव्या शतकाच्या आरंभी वाचन-लेखन थांबले, पुढे स्मृतीही ओसरू लागली, आईचेच वळण. वर्तमानपत्र वाचून दाखवणारी, पत्रांना उत्तरे देणारी सोबतीण घरी राहू लागली. १९०७ मध्ये राजाने 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा सन्मान दिला. स्त्रीला तो प्रथमच मिळत होता. राजाचा प्रतिनिधी घरी आला, तेव्हा नेमके काय चालले आहे ते बाईंना पुरते उमगले नसावे. ही केवढी कृपा, एवढेच त्या दोनदा पुटपुटल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान घरच्यांनी त्यांच्या इच्छेनुसार नाकारला. ईस्ट वेलोच्या खेड्यातील चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या शेजारी, त्या विसावल्या आहेत, दगडावर 'एफ. एन.' ही आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा, एवढेच.

त्या अखेरच्या वर्षांत रात्रीसाठी एक परिचारिका ठेवलेली होती. ती बाईंना निजवी, पांघरूण चारी बाजूंनी नीट खोचून देई आणि शेजारच्या खोलीत जाऊन पडे. चरित्रकाराने नोंदवले आहे की, थोड्या वेळाने बाई पुष्कळदा अंथरुणातून उठत, दिसत नसतानाही चाचपडत शेजारच्या खोलीत जात, आणि त्या परिचारिकेचे पांघरूण खोचून देत.